बंगळूरची जहागीर ते तंजावरचे सिंहासन : दक्षिणेतील भोसले घराण्याचा उदय

बंगळूर शहराच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हे नाव आज देशभरातील संगणक व्यवसायाशी जोडले गेले आहे. बाह्यवळण रस्त्यालगतच्या या वस्तीचे नाव रोमन लिपीतून वाचणाऱ्या मराठी माणसाला त्यात 'मराठा' हा शब्द दिसतो आणि हे गाव कोणे एके काळी मराठ्यांचे असावे, असा तर्क तो करू लागतो. मात्र कन्नडमध्ये हे नाव 'त' अक्षराने लिहिले जाते, 'ठ'ने नव्हे. दक्षिणेत 'त' हा उच्चार रोमन लिपीत दोन अक्षरांनी दाखविण्याची पद्धत असल्यामुळे हा समज निर्माण होतो. जवळच्या विमान कारखान्यात तयार झालेल्या 'मारुत' या लढाऊ विमानाशीही लोक या नावाचा संबंध जोडतात. केवळ नावाच्या साम्यावरून इतिहास सिद्ध होत नाही, एवढाच याचा अर्थ.

मराठ्यांचा बंगळूरशी असलेला संबंध सिद्ध करण्यासाठी अशा तर्काची आवश्यकताही नाही. याच शहराच्या मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वर मंदिराच्या परिसरात 1669 सालचा एक शिलालेख आहे. या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात असून, हे दान देणारे होते एकोजीराजे भोसले, अर्थात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी. या दानानंतर सहा-सात वर्षांतच हेच एकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि त्यांच्या वंशजांनी तेथे सुमारे 180 वर्षे नांदलेले राजघराणे उभे केले.

महाराष्ट्रात भोसले म्हटले की रायगड, सातारा आणि कोल्हापूर यांचे स्मरण होते. तंजावरची शाखा मात्र 'महाराष्ट्रातून दक्षिणेत गेलेले मराठे' एवढ्याच ओळखीवर राहते. वस्तुतः या घराण्याची घडण बंगळूरच्या जहागिरीत झाली. त्याच्या उदयाची कहाणी समजून घेतल्यास शहाजीराजांच्या दोन पुत्रांनी एकाच वारशाचे दोन भिन्न अर्थ कसे लावले, हेही स्पष्ट होते.

वेरूळची पाटीलकी

भोसल्यांचे मूळ ठिकाण म्हणून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील वेरूळ ओळखले जाते. बाबाजी भोसले यांच्याकडे तेथील पाटीलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी यांनी अहमदनगरच्या निजामशाहीत चाकरी पत्करली. फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्याशी झालेल्या सोयरिकीमुळे मालोजीराजांची प्रतिष्ठा वाढली. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांकडे आले ते याच चाकरीतून. शिखर शिंगणापूर येथील तलाव आणि वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार ही मालोजीराजांची कामे आजही सांगितली जातात.

मालोजीपुत्र शहाजीराजांचा विवाह सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई यांच्याशी झाला. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे नाव पुढे आले. 1633 मध्ये मोगलांनी दौलताबाद जिंकल्यानंतर त्यांनी निजामशाही वंशातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून तीन वर्षे त्या राज्याचा कारभार चालविला. अखेर 1636 मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी त्यांना माहुलीच्या किल्ल्यावर कोंडले. शहाजीराजांना माघार घ्यावी लागली, निजामशाहीचा अंत झाला आणि शहाजीराजे विजापूरच्या सेवेत दाखल झाले.

हा पराभवच पुढील उत्कर्षाचे कारण ठरला. मोगलांशी झालेल्या तहामुळे विजापूरकरांना उत्तरेकडून उसंत मिळाली होती. विस्ताराची वाट आता दक्षिणेकडे, विजयनगरच्या पडझडीनंतर स्वतंत्र झालेल्या लहान-मोठ्या नायकांच्या मुलखात होती. त्यासाठी अनुभवी सेनानी हवे होते. शिवाय शहाजीराजांसारखा प्रभावी सरदार मोगलांच्या सरहद्दीपासून दूर राहणे दोन्ही दरबारांच्या सोयीचे होते.

बंगळूर हाती आले

बंगळूरचा किल्ला आणि पेठ केंपेगौडा यांनी 1537 मध्ये वसविल्याचे मानले जाते. विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या फौजांनी 1638 मध्ये केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले. गौडा घराणे पश्चिमेकडील मागडी येथे गेले, तर बंगळूरची व्यवस्था शहाजीराजांकडे सोपविण्यात आली. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हा आसपासचा मुलूखही कालांतराने त्यांच्या जहागिरीत समाविष्ट झाला.

जहागीर आणि राज्य यांतील भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. जहागीरदार हा मुलखाचा धनी नसे. ठरलेली फौज बाळगून बादशहाची चाकरी करावी आणि त्या खर्चापोटी नेमून दिलेल्या मुलखाचा वसूल घ्यावा, असा हा व्यवहार होता. बादशहाची मर्जी फिरली की जहागीर जात असे. प्रत्यक्षात राजधानीपासून दूर असलेला सामर्थ्यवान जहागीरदार बराचसा स्वतंत्रपणे वागे. शहाजीराजांचे बंगळूर हे अशा अर्ध्या स्वातंत्र्याचे उत्तम उदाहरण होय.

विजापूरकरांनी जिंकलेल्या कर्नाटकाचे दोन भाग पाडले होते. घाटावरचा तो 'बालाघाट' आणि घाटाखालचा, समुद्राकडील तो 'पाईनघाट'. बंगळूर बालाघाटात मोडत असे आणि तेथून पूर्वेच्या सपाट प्रदेशात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवता येत असे. परगणा, तर्फ, मौजे, मजरे अशी महसुली विभागणी आणि देशमुख, देशकुलकर्णी, मजमूदार यांसारखी पदे याच काळात या भागात रूढ झाली. पुढे तंजावरचा कारभार ज्या कारकुनी वर्गाने आणि मोडी लिपीने चालविला, त्याची तालीम बंगळूरच्या दफ्तरात झाली, असे म्हणता येईल. नारो त्रिमळ हणमंते हे या कारभारातील प्रमुख नाव. त्यांचे पुत्र रघुनाथ नारायण यांची भूमिका पुढे निर्णायक ठरणार होती.

या दरबारात विद्वानांचाही राबता होता. जयराम पिंड्ये या कवीने रचलेल्या 'राधामाधवविलासचंपू' या संस्कृत काव्यात शहाजीराजांच्या सभेचे आणि तेथे जमणाऱ्या अनेक भाषांतील कवींचे वर्णन येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक भाषांना आश्रय देण्याची तंजावरकरांची परंपरा बंगळूरमध्येच सुरू झाली होती, याचा हा पुरावा मानला जातो.

एका वारशाचे दोन भाग

शहाजीराजांच्या मुलखाचे दोन तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. पुणे-सुप्याची जहागीर जिजाबाई आणि शिवाजीराजे यांच्याकडे होती. 1640 नंतर शिवाजीराजे काही काळ बंगळूरला वडिलांजवळ राहिले व 1642 च्या सुमारास पुण्यास परतले. ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे वडिलांबरोबर कर्नाटकात राहिले. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई या मोहिते घराण्यातील. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांची जडणघडण कर्नाटकातच झाली.

जहागिरीचे अधांतरी स्वरूप 1648 मध्ये उघड झाले. जुलै महिन्यात जिंजीच्या परिसरातील छावणीत शहाजीराजांना विजापूरचा सेनापती मुस्तफाखान याने कैद केले. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली ती कोंढाणा आणि बंगळूर सोडून देण्याच्या अटीवर. कर्नाटकातील मुलूख कालांतराने त्यांना परत मिळाला. पण बादशहाच्या एका हुकमाने सर्वस्व कसे जाऊ शकते, हे त्यांच्या दोन्ही मुलांना दिसले. संभाजीराजे 1655 च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. 23 जानेवारी 1664 रोजी शहाजीराजांचे होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निधन झाले. सध्याच्या दावणगेरे जिल्ह्यात असलेल्या या गावात त्यांची समाधी आहे.

वडिलांच्या मागे बंगळूरची जहागीर आणि सरदारी विजापूर दरबाराने एकोजीराजांकडे कायम केली. मल्लेश्वरम् येथील 1669 चा शिलालेख याच काळातील आहे. स्थानिक देवस्थानाला गाव इनाम देणारे एकोजीराजे तेव्हा बंगळूरचे प्रत्यक्ष सत्ताधारी होते. कागदोपत्री मात्र ते आदिलशहाचे चाकर होते.

तंजावरची गादी

कावेरीच्या मुखाजवळचा तंजावर प्रांत म्हणजे दक्षिणेतील भाताचे कोठार. विजयनगरच्या काळापासून तेथे तेलुगू भाषक नायक राजे राज्य करीत होते. नागपट्टणम् येथे डच आणि तरंगमबाडी येथे डेन्मार्कचे व्यापारी वखारी घालून बसले होते. शेतसारा आणि बंदरांचा व्यापार यांमुळे हे राज्य विस्ताराने लहान असूनही श्रीमंत होते.

1673 मध्ये मदुरेचा राजा चोक्कनाथ नायक याने तंजावरवर स्वारी केली. या युद्धात तंजावरचा वृद्ध राजा विजयराघव नायक मारला गेला. चोक्कनाथाने आपला दूधभाऊ अळगिरी याला तंजावरवर नेमले. परंतु अळगिरी लवकरच स्वतंत्रपणे वागू लागला आणि दोघांत वितुष्ट आले. दरम्यान, विजयराघवाच्या वंशातील चेंगमलदास नावाचा मुलगा नागपट्टणम् येथे एका व्यापाऱ्याच्या आश्रयाने वाढत होता. जुन्या दरबारातील वेंकण्णा नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या वतीने विजापूरकडे मदत मागितली. आदिलशहाने ही कामगिरी कर्नाटकातील सरदारावर, म्हणजे एकोजीराजांवर सोपविली.

बंगळूरहून घाट उतरून आलेल्या एकोजीराजांनी अय्यमपेट्टै येथे अळगिरीचा पराभव केला. मदुरेकडून अळगिरीला साहाय्य मिळाले नाही. चेंगमलदासाला गादीवर बसविण्यात आले, पण दरबारात पदांवरून तंटे सुरू झाले. मोहिमेचा खर्च, राज्यातील दुफळी आणि विजापूर दरबाराची ढासळलेली अवस्था या सर्वांचा परिणाम म्हणून 1675-76 च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावरची सत्ता स्वतःच्या हाती घेतली. ज्याला राज्य मिळवून द्यायचे, त्याचेच राज्य घेण्याच्या या कृतीचे समर्थन अवघड आहे. मात्र सतराव्या शतकातील दख्खनमध्ये ती अपवादात्मक नव्हती.

रायगडावर 6 जून 1674 रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांच्या आत शहाजीराजांचा दुसरा पुत्रही राजा झाला. एकाने आदिलशाहीशी उघड वैर धरून राज्य उभारले, तर दुसऱ्याने आदिलशाहीची कामगिरी बजावता बजावता ते मिळविले.

तिरुमळवाडीची भेट

1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी निघाले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी करार करून त्यांनी जिंजी घेतली, वेलोरला वेढा घातला आणि शेरखान लोदी याचा पराभव करून ते कोळ्ळिडम नदीपर्यंत पोहोचले. जुलै 1677 मध्ये नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे दोन्ही बंधूंची भेट झाली. तोपर्यंत रघुनाथ नारायण हणमंते एकोजीराजांशी बेबनाव होऊन शिवाजी महाराजांकडे आले होते आणि कर्नाटकातील मालमत्तेचा तपशील त्यांना ठाऊक होता.

शिवाजी महाराजांची मागणी वडिलार्जित दौलतीच्या निम्म्या वाट्याची होती. शहाजीराजांनी मिळविलेला मुलूख ही घराची मिळकत असून दोन्ही भाऊ तिचे वाटेकरी आहेत, ही त्यामागची भूमिका. एकोजीराजांच्या बाजूने पाहता, बंगळूरची जहागीर बादशहाने चाकरीपोटी दिलेली होती आणि तंजावर तर त्यांनी स्वतः मिळविले होते; ही वाटणी करण्याजोगी घरची मिळकत नव्हे. पुण्याची जहागीर थोरल्या भावाकडे होतीच, हेही त्या बाजूने सांगण्यासारखे होते. बोलणी निष्फळ ठरली. एका रात्री एकोजीराजे छावणीतून निसटून नदी ओलांडून तंजावरला गेले.

शिवाजी महाराजांनी तंजावरवर चाल केली नाही. कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख आणि बालाघाटातील शहाजीराजांची ठाणी ताब्यात घेऊन ते परतीच्या वाटेला लागले. नोव्हेंबर 1677 मध्ये वालगोंडपुरम् येथे एकोजीराजांच्या फौजेने महाराजांच्या मागे राहिलेल्या सैन्यावर हल्ला केला. त्याचे नेतृत्व शहाजीराजांचे आणखी एक पुत्र संताजी भोसले यांच्याकडे होते. दिवसा तंजावरकरांची सरशी झाली, तर रात्रीच्या छाप्यात संताजींनी डाव उलटविला. यानंतर एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी समेटाचा आग्रह धरला. झालेल्या तहानुसार तंजावरचे राज्य एकोजीराजांकडे राहिले आणि बंगळूर, होसकोटे व शिरे हा मुलूख शिवाजी महाराजांनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. मिळकतीवरचा हक्क सिद्ध करून तोच हक्क भावजयीला भेट देण्याची ही तोड होती. त्यामुळे थोरल्या भावाचा अधिकार मान्य झाला आणि धाकट्याचे राज्यही शाबूत राहिले. पुढे एकोजीराजे खिन्न होऊन कारभारातून मन काढून बसल्याचे कळताच शिवाजी महाराजांनी त्यांना उमेद देणारे पत्र पाठविले.

बंगळूरला निरोप

तहाने मिळालेले बंगळूर भोसल्यांकडे फार काळ राहिले नाही. तंजावर राजधानी झाल्यानंतर इतक्या दूरच्या ठाण्याचे रक्षण करणे खर्चाचे होते. त्यामुळे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांना ते तीन लाख रुपयांना विकण्याची बोलणी सुरू झाली. दरम्यान 1686 मध्ये विजापूर औरंगजेबाच्या हाती पडले. मोगल सेनापती कासिमखान याने जुलै 1687 मध्ये बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांनाच ते चिक्कदेवराजांच्या स्वाधीन केले. सुमारे पन्नास वर्षांचा मराठी अंमल अशा प्रकारे संपुष्टात आला. ज्या जहागिरीसाठी दोन भावांची शस्त्रे एकमेकांवर उगारली गेली, तिची अखेर एका खरेदी-विक्रीत झाली.

तंजावरमध्ये मात्र घराण्याने मूळ धरले. एकोजीराजांच्या पश्चात 1684 च्या सुमारास त्यांचे पुत्र शहाजी गादीवर आले आणि 1712 पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्यानंतर सरफोजी आणि तुकोजी हे बंधू क्रमाने राजे झाले. छत्रपती राजाराम महाराज 1689 ते 1698 या काळात जिंजीच्या आश्रयाने मोगलांशी झुंजत असताना तंजावरने त्यांना मदत केली. पूर्वीचे वैर तोपर्यंत मागे पडले होते.

तमिळ भूमीवर स्थिर व्हायचे तर तलवार पुरेशी नव्हती, हे या राजांनी ओळखले. त्यांनी कावेरीच्या पाण्याची व्यवस्था सांभाळली, मंदिरांची इनामे चालू ठेवली आणि तेलुगू, संस्कृत व तमिळ पंडितांना आश्रय दिला. शहाजीराजांनी 1693 मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. ते स्वतः नाटककार होते. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठीतील आरंभीच्या नाटकांपैकी एक मानले जाते. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले ते 1843 मध्ये, हे ध्यानात घेतल्यास त्याचे महत्त्व लक्षात येते. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तन परंपरेने तमिळ प्रांतातील हरिकथेलाही वेगळे वळण दिले.

सत्ता गेली, दफ्तर राहिले

अठराव्या शतकात अर्काटचा नवाब आणि इंग्रज यांच्या चढाओढीत तंजावर सापडले. वारसाहक्काच्या तंट्यात हात घालून इंग्रजांनी 1749 मध्ये देवीकोट्टै मिळविले. 1773 मध्ये नवाबाने इंग्रजांच्या साहाय्याने राज्यच घेतले. ते 1776 मध्ये तुळजाजीराजांना परत मिळाले. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, वसुलाचा काही हिस्सा आणि नेमणूक एवढेच उरले.

सत्ता गेल्यानंतर सरफोजीराजांनी आपली शक्ती ज्ञानाकडे वळविली. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि देवनागरी छापखाना सुरू केला. इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद तेथून 1806 मध्ये छापून निघाला. 1803 मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 'भोसले वंश चरित्र' हा मराठी लेख कोरविला. भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. राज्य हातून गेल्यावर चारच वर्षांत घराण्याचा इतिहास दगडात कोरून ठेवावा, असे या राजाला वाटले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

सरफोजीपुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये निपुत्रिक निधन पावले आणि कंपनीने हे राज्य खालसा केले. पेशवाई 1818 मध्ये, तर साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये संपले होते. बंगळूरच्या जहागिरीतून उगवलेली ही शाखा त्या दोन्हींच्या पश्चात काही वर्षे टिकली.

1918 पासून सरस्वती महाल सर्वांसाठी खुला आहे आणि तेथील संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचा अभ्यास चालतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठात भोसल्यांच्या मोडी दफ्तराच्या अनुवादाचे काम झाले आहे. तंजावर परिसरातून पुढे चेन्नई, बंगळूर अशा शहरांत विखुरलेली मराठी कुटुंबे घरात अजूनही तमिळ वळणाची जुनी मराठी बोलतात. एकोजीराजांच्या घराण्याचा माग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मल्लेश्वरम् येथील 1669 चा शिलालेख आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील 1803 चा मराठी लेख ही या प्रवासाची दोन टोके आहेत. पहिल्यात एक जहागीरदार गाव दान करतो, तर दुसऱ्यात त्याचा वंशज, राज्य गमावलेला राजा, आपण कोण होतो हे नोंदवून ठेवतो.